प्रत्येक घरामागे एक मेंढी

माझा मित्र फाल्गुनात गेला. आता श्रावण संपत आला, तरी त्याच्याविषयी लिहायला मी बसलो नव्हतो. शोकसभेत जे बोलले ते खरेच बोलले. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, तास कधी चुकवला नाही, निवृत्तीनंतरही मुले त्याच्या घरी येत राहिली. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. मला बोलायला सांगितले तेव्हा मी उठलो, दोन वाक्ये बोललो आणि खाली बसलो. जे सांगायचे होते ते सभेत सांगण्यासारखे नव्हते. ती गोष्ट त्याच्या हरण्याची होती, आणि ऐकणाऱ्यांना वाटले असते की हा आज त्याचे उणे काढतो आहे. मला तर त्याचा सर्वांत जास्त आदर वाटला तो त्या हरण्याच्या दिवशीच.

विषमता हा त्याचा विषय. देशोदेशी मिळकतीची वाटणी कशी होते, आणि कर लावून, शाळा-दवाखाने चालवून ती वाटणी सरकारे पुन्हा कशी बदलतात, हे तो शेवटच्या वर्षाला शिकवी. त्याचा वर्ग ग्रंथालयाला लागून होता. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असत आणि पुस्तकांवर क्रमांक घालता घालता मला त्याचा सगळा तास ऐकू येई. तो फळ्यावर आधी एक तिरकी सरळ रेघ ओढी. "ही ताणलेली दोरी. सगळ्यांना सारखं मिळालं तर दोरी अशी राहील. आता हिच्यावर ओल्या चादरी वाळत घाला." मग त्या रेघेखाली तो झोळ पडलेली दुसरी रेघ काढी. "झोळ जितका मोठा, तितकी त्या देशात विषमता जास्त. आज आपण जगातले झोळ बघायचे."

उत्तरेकडच्या थंड देशांची दोरी बरीच ताणलेली, कारण तिथे कर जबर. ब्राझीलची दोरी जमिनीला टेकायला आलेली. तिथल्या सरकारने गरीब आयांच्या हातात पैसे द्यायला सुरुवात केली, अट एवढीच की मूल शाळेत गेले पाहिजे. अमेरिका एवढी श्रीमंत, पण तिथे मदत मागणाऱ्याला आधी आपली गरिबी सिद्ध करावी लागते. वर्गातल्या मुलांना हे देश लांबचे वाटत. मग तो म्हणे, "लांब कशाला जाता? आपल्याच जिल्ह्यात दोन देश आहेत. एक कृष्णेकाठी, दुसरा पूर्वेला. एसटीनं तीन तासांत जाता येतं, पासपोर्ट लागत नाही."

त्या दुसऱ्या देशातला तो. सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या हद्दी जिथे उघड्या माळावर एकमेकींत मिसळतात, तिथल्या मेंढपाळ घरातला. शिकून तो सांगलीच्या विश्रामबागेत आला, धाकटा भाऊ मेंढरांमागे राहिला. मी नदीकाठच्या जैन शेतकऱ्यांच्या घरातला. आमच्याकडे ऊस, हळद, विहिरीला बारमाही पाणी. माझ्या आजोबांनी गावच्या शाळेला एक खोली बांधून दिली होती. तिच्या दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. ती पाटी बघून तो एकदा म्हणाला होता, "दान चांगलंच. पण ह्या खोलीत शिरणाऱ्या पोराला रोज वर बघावं लागतं." मला ते लागले होते. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो.

त्याचे मत पक्के होते. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावे, ज्याच्याकडे थोडे त्याच्याकडून काहीच घेऊ नये. ह्यात वाद घालण्यासारखे काय आहे, असे तो विचारी, आणि मलाही काही सापडत नसे.

त्याच्या निवृत्तीला दोन वर्षे होती तेव्हा भावाची मेंढरे गेली. श्रावणात पावसाने ओढ दिली होती. गुडघ्याएवढी ज्वारी जागच्या जागी सुकली. तशी कोवळी, पाण्याविना सुकलेली ज्वारी विषारी असते, हे माळावरच्या कुणालाही विचारा. पण चारा कुठेच नव्हता. एका शेतकऱ्याने सांगितले, पीक तर गेलेच आहे, घाला तुमची मेंढरे. भावाने क्षणभर विचार केला असेल, नसेल. फुकटचा चारा दिसला आणि त्याने कळप आत सोडला. दिवस मावळायच्या आत शंभरावर मेंढरे पाय झाडून मेली. उरली सात.

मित्राने लगेच पैसे देऊ केले. पगार चांगला होता, मुलगी नोकरीला लागली होती. एका चेकने कळप पुन्हा उभा राहिला असता. भाऊ फोनवर म्हणाला, "नगं, दादा. तुझ्या पैशाची मेंढरं तुझीच ऱ्हातील. मी तुझा गडी हुईन." त्याने कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रखवालदाराची जागा बघून ठेवली होती. निळा शर्ट घरी आणूनही ठेवला होता. शिट्टी, बारा तास उभे राहणे. मित्र ते सांगताना माझ्या टेबलासमोर उभा होता. "माझा भाऊ रात्री माळावर एकटा झोपतो," तो म्हणाला. "तो त्या गेटावर वर्षभर टिकणार नाही."

दसऱ्याच्या आधी निरोप आला की वाडा बसणार आहे. एकत्र हिंडणाऱ्या मेंढपाळ घरांच्या जथ्याला तिकडे वाडा म्हणतात. एखाद्याचा कळप रोगाने, पुराने, कशानेही गेला तर आजूबाजूचे वाडे बिरोबाच्या देवळापुढे जमतात, आणि प्रत्येक घर त्याला एक मादी देते. मेंढी किंवा कोकरू, पण एक. निरोप आता मोबाइलवरच्या ग्रुपवर येतो, पण पद्धत जुनी आहे. मित्राला ती लहानपणापासून माहीत होती. तिच्याकडे त्याने अर्थशास्त्राच्या मास्तराच्या नजरेने मात्र कधी पाहिले नव्हते. तो मला म्हणाला, "चल. तुला कर बसवणारी सभा दाखवतो."

विट्यापर्यंत एसटी, पुढे वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन आम्ही पोचलो. देवळापुढच्या लिंबाखाली तीस-पस्तीस घरांची माणसे बसली होती. पिवळे, लाल फेटे, दोन-चार जीन्स, बाजूला बायका. भाऊ सगळ्यांत मागे, देवळाच्या खांबाला टेकून, मान खाली. वाड्याचा पुढारी, ज्याला ते मिस्तरी म्हणतात, मध्ये बसला होता. साठीपुढचा, सडपातळ. त्याचाच कळप सगळ्यांत मोठा, साडेतीनशेचा.

बोलणे सुरू व्हायच्या आधीच भाऊ खांबापासून म्हणाला, "मला द्यायचं कारण न्हाई. मी माझ्या हातानं घातली ज्वारीत. चूक माझी हाय."

"ठावं हाय आमाला," मिस्तरी म्हणाला. "चूक तू केलीस, मेली मेंढरं. आता तुझ्या बायकापोरांनी बी भोगायची व्हय? गप बस."

संपले. चौकशी नाही, साक्षीपुरावे नाहीत. मित्राने माझ्या गुडघ्यावर बोट टेकवले. किती देशांत मदतीच्या आधी हाच प्रश्न येतो की तुझी दशा तुझ्याच चुकीने झाली ना, हे तो वर्गात नेहमी सांगे. इथे चूक करणाऱ्याने स्वतः कबूल केले, तरी कुणी तिला हात लावला नाही.

मग मिस्तरी घरे म्हणू लागला. एकेक नाव, एकेक "व्हय". तेवढ्यात माझा मित्र उभा राहिला. मला वाटले, आभार मानणार. त्याने बोलण्याची परवानगी मागितली आणि म्हणाला, "माझं एक मागणं आहे. ज्याच्याकडं तीनशे आहेत त्यानंही एक द्यायची, आणि ज्याच्याकडं अठरा आहेत त्यानंही एक, हे बरं नाही. मोठ्यांनी चार-पाच द्याव्यात, मधल्यांनी दोन. पन्नासाच्या आतल्यांना माफी असावी. माझा भाऊ गरिबाची मेंढी घेणार नाही."

तो वर्गात बोलावे तसेच बोलला, स्वच्छ आणि सावकाश. मग एका तरुणाने विचारले, "मास्तर, परीक्षा कवा हाय?" सगळे हसले. मित्रही हसला.

पण बायकांमधून एक म्हातारी उठली. ती विधवा, एका सुनेबरोबर मेंढरे राखणारी. अठरा मेंढरांचे घर तिचेच होते. मित्राने तिचे नाव घेतले नव्हते, आकडा तेवढा घेतला होता.

"माझं घर का गाळतोस रं?" तिने विचारले.

"मावशी, तुमच्यावर बोजा नको म्हणून."

"बोजा! तुझ्या आईचं मेंढरू हरवलं तवा मी दोन डोंगर हुडकलं. तवा न्हाई बोजा झाला. अठराच हायेत म्हणून मी माणसात न्हाई व्हय? उद्या माझी मेली म्हंजे मी कुणाच्या तोंडाकडं बघू? ज्यानं कवाच दिलं न्हाई, त्यानं मागायचं कुठल्या तोंडानं? तू माझी मेंढी वाचवत न्हाईस. माझं घर मोडतोयस."

मिस्तरीने मित्राला हाताने बसायची खूण केली, पण त्या खुणेत राग नव्हता.

"माझं बी ऐक," तो म्हणाला. "समज, मी धा दिली. मला जड न्हाईत. मग उद्यापासनं तुझा भाऊ माझ्या मागनं हिंडणार. मी म्हणलं हितं तळ टाक, टाकणार. माझ्या पोरीच्या लग्नात पाणी भरणार. माझं बरंच हाय की रं त्यात!" पुन्हा हशा झाला. "एकेक दिली की तो कुणाचाच मिंधा न्हाई. समद्यांचा म्हंजे कुणाचाच न्हाई."

मी माझ्या मित्राकडे पाहत होतो. तीस वर्षे जे शिकवले त्याच्या बरोबर मध्यभागी कुणीतरी बोट ठेवले की शिकलेला माणूस काय करतो, ते मी बऱ्याचदा पाहिले आहे. तो उदाहरणे देतो, आवाज चढवतो, नाहीतर "तसं नाही, तुम्ही समजून घ्या" असे म्हणतो. माझा मित्र खाली बसला होता, तो पुन्हा उठला, म्हातारीकडे वळला आणि म्हणाला, "चुकलं माझं. मावशीचं घर पहिलं धरा."

"पयलं कशाला?" म्हातारी म्हणाली. "माझ्या जागंवर धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जनावरे यायला लागली. कुणी हाकत आणली, कुणी खांद्यावर टाकून, एकाने मोटरसायकलच्या टाकीवर कोकरू बसवून. वाघरीच्या आत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ती एकेक करून सोडली जात. मित्र कुंपणाला लागून उभा होता. दोन तासांनी त्याने मला हाक मारली. "जरा नीट बघ. काही दिसतं?"

मला मेंढ्या दिसल्या. तो एकेकीकडे बोट करून सांगू लागला. मिस्तरीने आणलेली मेंढी गाभण होती, तीही दुसऱ्या वेताची, म्हणजे सर्वांत भरवशाची. दीडशेवाल्याने पिणाऱ्या कोकरासकट मेंढी दिली होती. कोकरूही मादीच, पण मोजणीत मेंढी तेवढी धरलेली. साठ-सत्तरवाल्यांनी तरण्या मेंढ्या. म्हातारीने आणले होते तीन महिन्यांचे कोकरू. कुणी कुणाकडे पाहत नव्हते, कुणी तुलना करत नव्हते. संख्या सगळ्यांची एक, जनावर ज्याच्या त्याच्या ऐपतीचे.

"मी काल सभेत दर जाहीर करायला निघालो होतो," तो म्हणाला, "आणि दर इथं आधीपासून लागू आहेत. फक्त ते कुणी तोंडानं म्हणत नाही." आपण हरलो ह्याचा असा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या वर्षी त्याने वर्गात जे सांगितले तेही मी खिडकीतून ऐकले. दोरी काढली, झोळ काढला आणि म्हणाला, "इतकी वर्षं मी तुमच्या आधीच्या मुलांना अर्धंच शिकवलं. मी सांगायचो, त्या थंड देशांची दोरी ताणलेली राहते, कारण तिथले श्रीमंत भरपूर देतात. ते खरं आहे. पण तिथं देण्यातून कुणाला वगळत नाहीत आणि घेण्यातूनही नाही. गरीबही थोडा कर भरतो, श्रीमंताचं मूलही त्याच पाळणाघरात जातं. म्हणून घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, आणि देणारा कुरकुरत असला तरी सोडून जात नाही. जिथं फक्त गरिबांची यादी करून त्यांनाच देतात, तिथं देणं हळूहळू आटतं. कारण यादीबाहेरच्याला वाटतं, हे माझं नव्हे." मग एका मुलीने विचारले, म्हणजे सगळ्यांनी सारखाच कर द्यावा का? तो म्हणाला, "नाही. तेवढं मी सोडलेलं नाही. वाड्यात प्रत्येकाला प्रत्येकाचं कुंपण दिसतं, म्हणून न बोलता भागतं. कोट्यवधींच्या देशात कुणाचं कुंपण कुणाला दिसत नाही. तिथं दर लिहावेच लागतात, आणि मोठ्याला मोठा. मात्र लहानाचं घर गाळू नका." मुलांनी ते वहीत उतरवून घेतले की नाही, मला माहीत नाही. मी उतरवून घेतले.

पण त्या सकाळचे अजून राहिले आहे. शेवटचे जनावर आत गेले, मिस्तरीने घरे पुन्हा म्हटली, सगळी आली होती. भाऊ कुंपणाच्या दाराशी उभा होता, अजून आत गेला नव्हता. तेव्हा माझ्या मित्राने विचारले, "आणि माझी?"

मिस्तरीला आधी कळलेच नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुझं घर ह्या वाड्यात कुठं हाय, मास्तर? तुझं घर विश्रामबागेत."

ह्यात टोमणा नव्हता. तिथे जमलेल्या सगळ्यांत त्याची मिळकत जास्त होती, आणि त्या मोजणीत तो नव्हता. कुणी द्यावे आणि कुणाला वगळावे, हे त्याने आयुष्यभर शिकवले होते. आता तो स्वतः बाहेर होता. त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला.

तेव्हा भाऊ बोलला. "दादाची एक घ्या," तो म्हणाला. "आमच्या आईचं घर हितलंच. ते एक घर आता दोन झालंय. दुसरं त्याचं धरा." मग माझ्या मित्राकडे वळून, "एकच हां, दादा. चेक-बिक न्हाई."

मिस्तरीने बसलेल्यांकडे नजर फिरवली. कुणी नाही म्हटले नाही. "आण मग," तो म्हणाला, "उद्याच्या बाजारातनं."

बाजारात मी बरोबर होतो. तो अर्धा दिवस फिरला. मेंढपाळाचा मुलगा होता, पण चाळीस वर्षे मेंढीला हात लावला नव्हता, आणि विकणाऱ्याने ते लांबूनच ओळखले असावे. मित्राने निवडलेली मेंढी उंच होती, पांढरी, डोळ्यांभोवती काळी. त्याला ती फार आवडली. परत आलो तेव्हा म्हातारी वाटेतच बसली होती. तिने मेंढीचा ओठ वर केला, आत पाहिले आणि खाली सोडला.

"मास्तर, दात बघितलंस का हिचं?"

त्याने पाहिले नव्हते.

"ही माझ्या बरोबरीची हाय की रं! दोघींना बी भाकरी कुस्करून घालाय लागंल." आणि ती अशी हसली की तिच्या सुनेला तिला धरावे लागले. थोड्याच वेळात सगळ्या तळावर मास्तराची मेंढी बघायला गर्दी झाली. मित्राचे कान लाल झाले. "मी ही परत करतो," तो भावाला म्हणाला. "दुसरी आणतो, चांगली."

"न्हाई," भाऊ म्हणाला. "आली ती आली. दुसरी आणलीस तर दोन हुतील." त्याने मेंढीच्या पाठीवर आपल्या कळपाची निळी खूण केली आणि तिला आत सोडले. त्या दोन दिवसांत तो पहिल्यांदा कुंपणाच्या आत गेला, आणि गेल्यावर बराच वेळ बाहेर आला नाही.

दिवाळीनंतर वाडे पश्चिमेकडे निघतात. त्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. पस्तीस घरांतून आलेल्या मेंढरांचा लगेच कळप होत नाही, हे मला तेव्हा समजले. दीड महिना झाला होता, तरी दुसऱ्या वाड्यांची मेंढरे शेजारून जाऊ लागली की आपापल्या जुन्या कळपाचा आवाज ओळखून चार ह्या बाजूला पळत, पाच त्या बाजूला. भाऊ पुढे, त्याची बायको मागे घोड्याबरोबर, आणि मध्ये ती सगळी आपल्या पूर्वीच्या घराकडे तोंड करून ओरडणारी जनावरे. तो कुणालाही मारत नव्हता. पळालेल्या प्रत्येकीला वळवून आणत होता, पुन्हा पळाली की पुन्हा. रखवालदाराचा निळा शर्ट त्याने कुणाला तरी देऊन टाकला होता.

मास्तराची मेंढी सगळ्यांच्या मागे. ती कुठेच पळत नव्हती, नुसती थांबत होती.

"दादा," भाऊ पुढून ओरडला, "तुझी मागं ऱ्हातीया! हाकल की जरा!"

माझा मित्र इस्त्रीच्या पँटमध्ये आणि चामडी चपलांत माळावर धावत सुटला. मेंढीच्या मागे पोचल्यावर त्याने जीभ टाळूला लावून एक आवाज काढला, तुटक आणि उंच. तीस वर्षांत मी तो त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मेंढी चालायला लागली. तो तिच्या मागून चालत राहिला, तो आवाज काढत, आणि भावाने एकदा मागे वळून पाहिले आणि पुन्हा पुढे बघितले.

ते पुढच्या गावाच्या वळणापलीकडे गेले. मी ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो. तो परत यायला दुपार टळली. चपलेचा अंगठा तुटला होता, ती त्याने हातात धरली होती.